भाचीला पत्र : आधी कोरोत उभी राहा

चि. भाचीस,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेली सालसाची दोन्ही रेकॉर्डिंगं ऐकली, एकदा हेडफोनवर आणि एकदा गाडीत. गळा उत्तम आहे. हे तुझ्या गुरुजींनीही सांगितलं असेल, तेव्हा त्यावर मी शाई खर्च करत नाही. न्यू यॉर्कमध्ये चांगले गळे पैशाला पासरी आहेत. तू विचारलंयस की नोकरी सोडून आधी स्वतःचं एक सिंगल, म्हणजे एकच सुटं गाणं, काढावं आणि त्याच्या जोरावर इकडे यावं, हे बरोबर आहे का. नाही. सिंगलची घाई करू नकोस. आधी कुणाच्या तरी बँडमध्ये कोरोत, म्हणजे मुख्य गायकाच्या मागे धृपद म्हणणाऱ्यांत, उभी राहा.

मी गाणारा नाही, हे तुला ठाऊक आहे. क्वीन्स, ब्राँक्स आणि न्यू जर्सीतल्या लॅटिन बँडांचा साऊंड करणारा माणूस मी. स्टेजसमोर मिक्सरवर बसतो. पण त्या खुर्चीतून एक गोष्ट फार स्वच्छ दिसते : कुणाला पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावणं येतं आणि कुणाला येत नाही. ते गळ्यावर फारसं ठरत नाही.

सालसा हे नाचायचं लॅटिन संगीत. त्याचं गाणं दोन तुकड्यांचं असतं. पहिला तुकडा लिहिलेला. चाल, शब्द, सगळं ठरलेलं. तो तू छान म्हटला आहेस. दुसरा तुकडा मोंतूनो. त्यात पियानो एकच आकृती फिरवत राहतो, कोरो एक ओळ पुन्हा पुन्हा म्हणतो आणि दोन ओळींच्या मधल्या जागेत मुख्य गायकाने स्वतःच्या ओळी जागच्या जागी जुळवून टाकायच्या. कीर्तनात बुवा बोलत असतात आणि मागचे टाळकरी धृपद उचलून धरतात, तसं समज. फरक एवढाच की इथे बुवांच्या वाट्याला दर वेळी जेमतेम पाच-सहा सेकंद येतात आणि समोर बसलेलं कुणी नसतं, सगळे नाचत असतात. या जुळवलेल्या ओळींना सोनेओ म्हणतात आणि ज्याला त्या जमतात तो सोनेरो. तू मोंतूनोमध्ये क्यूबाची गायिका सेलिया क्रूझ हिचेच सोनेओ शब्दन् शब्द म्हटलेस. शिकताना ठीक आहे, त्याशिवाय शिकणार कशी? पण बँडसमोर तसं करशील तर कोंगा हा उभा ढोल वाजवणारा मान खाली घालून हसेल.

आता घोडं कुठे अडतंय ते सांगतो. तू हिंदुस्थानी शिकलेली, त्यामुळे कान सारखा समेकडे धावतो. आणि सालसात बेस समेवर सहसा वाजवतच नाही! चार मात्रांच्या खंडात तो दुसरी मात्रा संपता संपता एक स्वर वाजवतो आणि दुसरा चौथ्या मात्रेवर. हा चौथीवरचा स्वरही पुढच्या खंडातल्या कॉर्डचा असतो. तो आधीच येऊन बसतो आणि पहिल्या मात्रेवर नुसता लांबत राहतो. बेसवर भरवसा ठेवून सम शोधणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते ती इथे. तुझ्या दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये मोंतूनो सुरू झाल्यावर तू तीनदा लवकर आली आहेस, ती याच कारणाने.

सगळ्यांचा हिशोब चालतो तो क्लावेवर. दोन खंडांत मिळून पाच ठोके. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन. गंमत म्हणजे पुष्कळदा क्लावे कुणी वाजवतही नसतं, पण पियानोपासून ट्रॉम्बोनपर्यंत प्रत्येकजण ती मनात धरून असतो. गायकाची ओळ चुकीच्या बाजूला पडली की तिला 'क्रुसादो' म्हणतात, म्हणजे आडवी गेलेली. नाचणाऱ्याला नाव सांगता येणार नाही, पण त्याच्या पायाला कळतं. म्हणून रोज काहीही म्हणण्याआधी क्लावे हाताने वाजव आणि त्यावर नुसतं बोल. मराठीत बोल, भाजीचे भाव सांग, काय वाटेल ते. हात न चुकता तोंड चालू लागलं की मग स्पॅनिशकडे ये.

दुसरी खूण डोळ्यांनी शीक. गाणं चालू असताना बोंगोवाल्याकडे लक्ष ठेव. लिहिलेला तुकडा संपत आला की तो गुडघ्यांतला बोंगो खाली ठेवतो आणि मोठी घंटा उचलतो. त्या घंटेचा पहिला ठोका पडला की सगळा हॉल एकदम पुढे झुकतो. तिथून पुढे तुझी पाळी. मी पाहिलेल्या नवख्यांपैकी कितीतरी जण त्याच क्षणी डोळे मिटून घेतात, भाव आणायला. डोळे उघडे ठेव. बँडचा म्होरक्या हातानेच बोलत असतो : आणखी एक फेरी, आता ट्रम्पेट-ट्रॉम्बोनची ब्रास, आता शेवट. बंद मूठ वर गेलेली तुला दिसली नाही तर अकरा माणसं थांबतील आणि तू एकटी गात राहशील. हे मी बघितलंय, ऐकायला फार वाईट असतं.

कोरोचा आग्रह का, ते आता लक्षात येईल. कोरोत दोघं-तिघं असतात, पुष्कळदा दोघांत एक माइक, हातात गुइरो नाहीतर माराकास ही छोटी तालवाद्यं. तीच ओळ रात्रभर त्याच जागी, त्याच वजनाने टाकायची. शेजाऱ्याच्या आवाजात आपला आवाज मिसळायचा, माइकपासून दोघांनी सारख्याच अंतरावर राहायचं. एक जरी पुढे सरकला तरी मला इकडे हात मारावा लागतो. आणि प्रत्येक ओळीनंतर शांत उभं राहून मुख्य गायक त्या पाच सेकंदांत काय करतो ते ऐकायचं. कुठे श्वास घेतो, कुठे मुद्दाम उशिरा येतो, कोरो परत यायच्या किती आधी थांबतो. यासाठी कुठलीही शाळा फी घेत नाही, उलट पैसे मिळतात. थोडेच, पण मिळतात.

मोठ्यांची नावं घेऊन बघ. गायक एक्तोर लावो पोर्तो रिकोतल्या पोन्से गावचा. तिथल्या सरकारी संगीतशाळेत शिकला आणि १९६३ च्या मे महिन्यात, सोळाव्या वर्षी, न्यू यॉर्कला आला. वडिलांचा कडाडून विरोध होता. इथे येऊन तो आधी या-त्या बँडांत गात राहिला. १९६७ साली फानिया या रेकॉर्ड कंपनीच्या जॉनी पाचेकोने त्याची गाठ विली कोलोन या ट्रॉम्बोनवाल्या बँडप्रमुखाशी घालून दिली तेव्हा लावो वीस-एकवीसचा आणि कोलोन सतरा वर्षांचा. पुढची सात वर्षं त्याचा गळा दुनियेने ऐकला, पण अल्बमवर मोठ्या अक्षरांत नाव कोलोनचं. स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम १९७५ चा. रुबेन ब्लेड्स पनामात वकिली शिकून आला आणि १९७४ मध्ये फानिया कंपनीच्या टपाल खोलीत कामाला लागला. गाणी लिहायची, कोरो म्हणायचा. कोलोनबरोबरचा त्याचा १९७८ चा अल्बम सालसाच्या इतिहासातल्या सर्वांत खपलेल्यांपैकी एक ठरला. इस्माएल रिवेरा तर पोर्तो रिकोतल्या सांतुर्सेतला गवंडी. तो कोर्तिहोच्या बँडमधून वर आला आणि लोक त्याला आजही 'सोनेरो मायोर', सगळ्यांत थोर सोनेरो, म्हणतात. त्याच्या ओळी कोरोच्या अंगावर चढतात, खंडाची हद्द ओलांडतात आणि तरीही क्लावेच्या बाहेर जात नाहीत. त्याला ऐक, पण नक्कल करू नकोस. वर्षभर तरी नको.

आणि सेलिया. तुझा तिच्यावर जीव आहे म्हणून थोडं सविस्तर. १९५० मध्ये ती हवानात सोनोरा मातान्सेरा या बँडमध्ये आली तेव्हा आधीच्या गायिकेची सवय झालेले श्रोते रेडिओला तक्रारीची पत्रं लिहीत होते. ती टिकली, पंधरा वर्षं त्याच बँडबरोबर. १९६० मध्ये बँड मेक्सिकोला गेला तो परत क्यूबाला गेलाच नाही. दोन वर्षांनी आई वारली, तेव्हा तिला अंत्ययात्रेलाही येऊ दिलं नाही. मग न्यू यॉर्क. तितो पुएंते या बँडप्रमुखाबरोबर अल्बमांमागून अल्बम काढले, पण ते म्हणावे तसे चालले नाहीत. ती जुन्या काळातली बाई म्हणून बाजूला पडायच्या बेतात होती. १९७४ मध्ये पाचेकोबरोबरचा अल्बम आला आणि नव्या पिढीने तिला डोक्यावर घेतलं. तेव्हा ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती. तू सव्वीसची आहेस आणि 'आता उशीर झाला का' म्हणून विचारतेस!

तिच्याच काळातली ला लुपे. तीही क्यूबाची, तीही शिक्षिका होऊ घातलेली, तीही पुएंतेबरोबर गायलेली, आणि स्टेजवर सेलियापेक्षा जास्त आग ओकणारी. ब्राँक्समध्ये १९९२ साली गेली तेव्हा हाती फारसं काही उरलं नव्हतं. तिच्या स्वभावावर खापर फोडणारे खूप आहेत. मला ते पटत नाही. सेलियाच्या मागे एक बँड, एक शिस्त आणि पेद्रो नाइटसारखा ट्रम्पेट बाजूला ठेवून तिचा कारभार बघणारा नवरा होता. ला लुपेला कंपनी बदलली, काळ बदलला, तेव्हा धरायला कुणी नव्हतं. बायकांच्या बाबतीत हा धंदा दुप्पट कठोर आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

लावोबद्दल आणखी दोन शब्द, कारण तुझ्या पत्रात त्याच्यावर अर्धं पान आहे. त्याचं अंमली पदार्थांचं व्यसन, उशिरा येणं, मुलाचा मृत्यू, १९८८ मध्ये सान हुआनच्या हॉटेलातून मारलेली उडी, १९९३ मध्ये एड्सने गेला ते. लोक या सगळ्याची पोथी करून वाचतात आणि मला त्याचा राग येतो. 'वक्तशीरपणाचा राजा' असं त्याला चेष्टेने म्हणायचे, लोक थांबायचे, टाळ्या वाजवायचे. पण १९७४ मध्ये कोलोनने बँडमधून अंग काढून घेतलं तेही विसरू नकोस. तरी त्याने लावोला वाऱ्यावर सोडलं नाही, त्याचे अल्बम तोच बनवत राहिला. ब्लेड्सने स्वतःसाठी लिहिलेलं गाणं कोलोनच्या सांगण्यावरून लावोला दिलं, १९७८ साली, आणि तेच त्याची ओळख होऊन बसलं. असे मित्र सगळ्यांना मिळत नाहीत. तू साडेनऊच्या साऊंडचेकला सव्वानऊला पोच. गायक चेओ फेलिसियानोही व्यसनाच्या त्याच खाईत होता. तो बाहेर आला, उपचार पुरे केले आणि १९७१ मध्ये नव्याने उभा राहिला. त्याची पोथी कुणी वाचत नाही, पण तो म्हातारपणापर्यंत गात होता. रात्रीच्या धंद्यात तुझ्यासमोर नशेच्या बशा फिरतील. नको म्हणायचं, आणि कारण द्यायचं नाही.

भाषेकडे येतो. तुझं स्पॅनिश परीक्षेचं आहे, स्वच्छ आणि इस्त्री केलेलं. पोर्तो रिकोचा माणूस शब्दाच्या शेवटचा 'स' जवळजवळ गिळतो, डोंगरातल्या शेतकऱ्यांची, हिबारोंची, तर तऱ्हाच वेगळी. लावोच्या नाताळच्या अल्बममध्ये योमो तोरोचा क्वात्रो, तिकडचं तंतुवाद्य, ऐक, म्हणजे ती माती कानाला लागेल. परक्याला हे जमत नाही असं मात्र समजू नकोस. तोक्योत १९८४ मध्ये ओर्केस्ता दे ला लूस निघाला. सगळे जपानी, पुढे नोरा नावाची गायिका, गाणी स्पॅनिशमध्ये. १९९० चा त्यांचा अल्बम अमेरिकेत बिलबोर्डच्या ट्रॉपिकल यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. लोकांनी आधी कुतूहलाने ऐकलं. मग वाजवणं पक्कं होतं म्हणून ऐकत राहिले. तुलाही पहिलं कुतूहल फुकट मिळेल. 'भारतातून आलेली सालसा गायिका' म्हणून एक रात्र सगळे मोबाइल वर करतील. दुसऱ्या रात्रीची तयारी कर. म्हणजे आठ-आठ अक्षरांच्या ओळी रचायची सवय लाव, रोज चार, यमकासकट. बसमध्ये दिसलेल्या माणसावर, ऑफिसातल्या साहेबावर, पावसावर. हिबारो लोक दहा ओळींचं कडवं असंच उभ्या उभ्या रचतात, आणि त्यांना शेवटची ओळ दुसऱ्याने घालून दिलेली असते!

एक व्यवहाराची गोष्ट जी मुलींना कुणी सांगत नाही. बँडांचे कागद, म्हणजे प्रत्येक वाद्याचे लिहिलेले पार्ट्स, पुरुषांच्या पट्टीत असतात. तू पाहुणी म्हणून गेलीस आणि त्याच पट्टीत गायलीस तर एकतर खाली बुडशील किंवा वर ओरडशील. सेलियाचा आवाज मुळात खालचा, म्हणून तिची पट्टी तुला सोपी वाटली. दुसऱ्या कुणाच्या गाण्यात ते होणार नाही. तेव्हा आपली चार-पाच गाणी आपल्या पट्टीत लिहून घे : पियानो, बेस, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, तालवाद्यं, सगळं वेगवेगळ्या पानांवर, मोठ्या अक्षरांत, फाइलमध्ये. पट्टी बदलली की ब्रासची उंचीही बदलते, म्हणून हे काम जाणकाराकडून करून घे. नुसते आकडे बदलणाऱ्या सॉफ्टवेअरवर सोडू नकोस. फाइल घेऊन आलेल्या गायिकेकडे म्होरक्या वेगळ्या नजरेने बघतो. सिंगलचे पैसे ठेवले आहेस ना, ते इथे घाल.

पैशाचं तुझ्या आईने विचारलं आहे म्हणून लिहितो. बँड दहा-बारा जणांचा, मानधन तेवढ्यांत वाटलं जातं. गाणं ज्याचं त्याला हक्काचे पैसे मिळतात, सोनेओ जुळवणाऱ्याला त्याचे सहसा काही मिळत नाहीत. म्हणून लिहायला लाग, आणि लिहिलेलं नोंदवून ठेव. तिते कुरेत आलोन्सो पोस्टात नोकरी करत करत दोन हजारांच्या घरात गाणी लिहून गेला. चेओचं पुनरागमन त्याच्या गाण्यांवर झालं, लावोची, इस्माएलची नावाजलेली गाणी त्याची. हक्कांच्या वादापायी त्याच्याच पोर्तो रिकोत १९९० च्या दशकाच्या मध्यापासून २००९ पर्यंत ती गाणी रेडिओवर वाजत नव्हती. सही करण्याआधी वकिलाला कागद दाखव. ब्लेड्सने पुढे १९८५ मध्ये हार्वर्डमधून कायद्याची आणखी एक पदवी घेतली, ती काही हौस म्हणून नव्हे.

कुठे यावं? न्यू यॉर्कचं नाव मोठं, पण इथे सालसाच्या रात्री पूर्वीइतक्या राहिल्या नाहीत आणि पर्यटकाच्या व्हिसावर पैसे घेऊन गाता येत नाही. कोलंबियातल्या काली या गावाचा विचार कर. गाव सालसावर जगतं, डिसेंबरच्या शेवटी जत्रा भरते. आणि तिथे बायकांच्या ऑर्केस्ट्रांची परंपरा आहे, म्हणजे तुझ्या पट्टीत वाजवणारी माणसं आहेत. दोन-तीन महिने शिकायला म्हणून जा. पोर्तो रिकोचंही बघ. तिथल्या बॅड बनी या गायकाने २०२५ मध्ये तरुण वादकांना घेऊन सालसा केल्यापासून तिथली पोरं पुन्हा ट्रॉम्बोन उचलू लागली आहेत, असं इथले वादक सांगतात. कौतुकाचा भाग सोडून दे, पण खोटं नसावं.

तोवर पुण्यात बसून काय? तुमच्या सोशलमध्ये, म्हणजे सालसा नाचायच्या जमावात, डीजे असतो, बँड नसतो, हे मान्य. पण मुंबई-गोव्यात स्वरलिपी वाचणारे वादक कधीच कमी नव्हते. सी. रामचंद्रांनी १९५१ च्या 'अलबेला'त बोंगो वाजवून घेतला, तेव्हा आपल्याकडे हा ताल काल आलेला नाही. पियानो, बेस, कोंगा, एक मुख्य गायक आणि दोन कोरो एवढी सहा माणसं जमव. त्यांत तू कोरोत, मुख्य गायकी दुसऱ्या कुणाची. मुलगा असेल तर मुलगा.

नोकरी तूर्त सोडू नकोस. मार्चमध्ये मी तिकडे येतोय, तोपर्यंत एकाच कोरोवर तुझ्या स्वतःच्या बारा ओळी करून ठेव आणि क्लावे हाताने वाजवत म्हटलेलं रेकॉर्डिंग पाठव. पाठीमागे काहीही वाजवू नकोस. ताईला सांग, पापड नकोत, या वेळी बॅगेत केबल आणायच्या आहेत.

तुझा,
मामा